क्लेम नाकारणाऱ्या मावशी

वसईजवळच्या भुईगावात आम्ही भाड्याचं घर बघायला गेलो तेव्हा घर पसंत पडायला पाच मिनिटं लागली आणि चावी हातात पडायला पावणेदोन तास. घरमालकीण बाईंनी ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या, भाडेकराराचे कागद माझ्या नवऱ्याच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "वाचा. मोठ्यानं."

"त्यात काय वाचायचं मावशी, सगळीकडे सारखाच असतो," नवरा हसत म्हणाला.

मावशींनी टेबलावर ठेवलेली चावी उचलली आणि कमरेला खोचली. "मग ज्यांचा सारखा असेल त्यांच्याकडे बघा."

त्यानं मुकाट्यानं वाचायला घेतलं. सातव्या कलमावर त्यांनी हात वर करून थांबवलं. "म्हणजे काय?" त्याला सांगता येईना. मलाही येईना. मग विहिरीचा पंप बिघडला तर तो कुणी आणि किती दिवसांत दुरुस्त करायचा, ते त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं आणि आमच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेतात तसं. मी स्वतः वसईच्या एका प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मला मनातून हसू येत होतं. नवऱ्याला मात्र घाम फुटला होता.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहायचं तर आधी त्यांची लेखी परवानगी घ्यावी लागली असती, आणि माझ्या त्या अर्जात त्यांनी निदान दोन चुका काढल्या असत्या.

मावशी मुंबईतल्या एका विमा कंपनीत क्लेमच्या खात्यात होत्या. सगळी नोकरी एकाच खात्यात. आलेला दावा मंजूर करायचा की नाकारायचा, हे ठरवायच्या टेबलावर त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही. आईवडील गेल्यावर भुईगावच्या या घरात त्या एकट्याच; वरचा मजला त्यांनी आम्हाला भाड्यानं दिला होता. गावात त्यांना मान होता, पण जरा लांबून. रिटायर होऊन कितीतरी वर्षं झाली तरी सकाळी साडेनऊला त्या इस्त्रीची साडी नेसून, खांद्याला पिन लावून ओट्यावरच्या टेबलाशी बसत आणि एक वाजता उठत. कागद उडू नयेत म्हणून भर मे महिन्यात पंखा बंद. टेबलावर किनाऱ्यावरून आणलेले पाच-सहा गुळगुळीत धोंडे, कागदांवर ठेवायला. लिहायला पेन्सिल. "शाई शेवटी," त्या म्हणत. "आधी खात्री."

वाचण्याचं तर त्यांना व्यसनच होतं, पण पुस्तकं वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. त्या औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी भिंगातून वाचत. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचत. लग्नपत्रिका आली की तिथी आणि वार जुळतो का, ते कॅलेंडरवर बघत. चर्चला त्या देऊळच म्हणत. रविवारी देवळात मिस्सेची प्रार्थना संपून सूचना वाचून झाल्या की त्या पुढे जाऊन फादरना सांगत, "फादर, चौदा तारखेला शनिवार नाही, शुक्रवार आहे." फादर बिचारे पुढे पुढे सूचना वाचण्याआधीच त्यांच्या बाकाकडे बघू लागले.

परसात त्यांच्या कोंबड्या होत्या. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं तारीख. एकदा मी विचारलं, "हे ताजं आहे ना मावशी? कालचं असेल बहुतेक?"

"बहुतेक म्हणजे कालचं की परवाचं?" त्यांनी अंडं माझ्या डोळ्यांसमोर धरलं. "लिहिलंय ना? मग बहुतेक कशाला?"

'बहुतेक' हा शब्द त्यांच्या घरात चालत नसे. आमची मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती. ती त्यांच्यासमोर जपून बोलायची आणि वर येऊन त्यांची हुबेहूब नक्कल करायची. आम्ही पोट धरून हसायचो. थोडक्यात काय, त्या आम्हाला आवडायच्या, पण त्यांचं काही काम पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

मग मला एक गाठ हाताला लागली. आंघोळ करताना, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. ती दुखत नव्हती, म्हणून मी महिनाभर काढला. तपासण्या झाल्या, सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढून घेतली तेव्हाच मला कळलं. स्तनाचा कॅन्सर. लवकर सापडलाय, आधी ऑपरेशन, मग केमो, बरं व्हाल, असं ते म्हणाले. नवऱ्यानं विचारलं, "विमा आहे आमचा. चालेल ना?" चार वर्षांपूर्वी आम्ही आरोग्य विमा काढला होता आणि एकदाही हप्ता चुकवला नव्हता. हॉस्पिटलनं कागद कंपनीला पाठवले. ऑपरेशनची तारीख ठरली.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी नवऱ्याच्या मोबाइलवर कंपनीचं उत्तर आलं. नामंजूर. हा आजार विमा घेण्याआधीपासून होता आणि तो तुम्ही लपवलात, असं कारण दिलं होतं.

नवरा जिन्याच्या पायरीवर बसून तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होता. मी वरच्या पायरीवर. ऑपरेशन, केमो, पुढचं सगळं आमच्या पगारात होण्यासारखं नव्हतं, आणि थांबायला वेळ नव्हता. तेवढ्यात मावशी अंडी घेऊन परसातून आल्या. आमच्या तोंडांकडे पाहून त्यांनी विचारलं नाही की काय झालं. फोन मागितला, वाचला आणि म्हणाल्या, "कागद आणा. सगळे. पिशवीसकट."

ओट्यावरच्या टेबलाशी बसून त्यांनी एकेक कागद मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफी, औषधांच्या चिठ्ठ्या, कशाकशावर छापलेला पत्तासुद्धा. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. हॉस्पिटलच्या केसपेपरवर आल्यावर त्या थांबल्या. भिंग घेतलं.

"गाठ कधी लक्षात आली म्हणून सांगितलंस डॉक्टरला?"

"पाच आठवड्यांपूर्वी."

"इथे पाच वर्षं लिहिलंय."

मी वाकून पाहिलं. पाचाच्या आकड्यापुढे इंग्रजीत आठवडे लिहायचे ते घाईत वर्षं लिहिलं गेलं होतं. विमा चार वर्षांचा, गाठ पाच वर्षांची. एवढ्यावर नामंजूर.

"शेजारी सोनोग्राफीचा कागद आहे, त्यात लिहिलंय नवीन गाठ," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. "तो कुणी वाचलाच नाही. याला नाकारणं म्हणत नाहीत. हा आळस आहे."

त्यांना इतकं चिडलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. नवऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जीव आला. पण मावशींनी पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे वळल्या.

"आता खरं सांग. याआधी कधी गाठ झाली होती?"

"नाही."

"कधीच?"

"नाही म्हटलं ना मावशी."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि सकाळी परत ये म्हणून सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मला आठवलं होतं. मुलगी झाली तेव्हा त्याच बाजूला दूध साकळून गळू झालं होतं. नालासोपाऱ्याच्या प्रसूतिगृहात छोटीशी चीर देऊन ते काढलं आणि पंधरा दिवसांत मी ते विसरूनही गेले. सकाळी खाली जाऊन मी मावशींना सगळं सांगितलं. नवराही बरोबर होता.

त्यांनी विम्याचा मूळ फॉर्म काढला. त्यात प्रश्न होता, स्तनात गाठ किंवा त्यासंबंधी उपचार कधी झाले आहेत का. पुढे खूण होती, नाही.

"फॉर्म कुणी भरला?"

"एजंटनं."

"सही?"

"माझी."

"वाचून केलीस?"

मी नकारार्थी मान हलवली. मावशी उठल्या आणि परसात गेल्या. कोंबड्यांना दाणे टाकल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "हेही पत्रात लिहायचं."

नवरा उडालाच. "अहो मावशी, त्यांना ते माहीतसुद्धा नाही! त्यांनी विचारलेलं नाही. आपण होऊन कशाला सांगायचं?"

"मग पत्र तुम्ही लिहा. मी लिहिणार नाही."

"तुम्ही अजून कंपनीच्याच आहात," तो म्हणाला. माझा नवरा शांत माणूस आहे. असं तो कुणाला बोलल्याचं मला आठवत नाही. बोलला आणि ताडताड जिना चढून वर निघून गेला.

मी बसून राहिले. मावशींना लागलं होतं का, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्या टेबलावरचे धोंडे सारखे करत म्हणाल्या, "लपवलेली गोष्ट कागदात नसते असं लोकांना वाटतं. असते, बाय. कुठेतरी असतेच. कुठल्या तरी डॉक्टरच्या चिठ्ठीत, कुठल्या तरी डिस्चार्ज कार्डावर. त्यांनी ती शोधली तर तू खोटी, आणि मग तुझे पाच आठवडेही खोटे. तू सांगितलीस तर ते नुसतं दुधाचं गळू."

"आणि सांगूनही नाकारलं तर?"

"नाकारू शकतात," मावशी म्हणाल्या. "नाकारणार नाहीत असं मी तुला सांगणार नाही."

त्या क्षणी मला कुणीतरी 'होईल गं सगळं नीट' म्हणायला हवं होतं. माझी आई, बहीण, शाळेतल्या मैत्रिणी सगळ्या तेच म्हणत होत्या. या बाईनं ते म्हटलं नाही, आणि का कोण जाणे, त्यामुळेच मला तिचं पटलं. मी म्हणाले, "लिहा."

नवऱ्याला ते समजावणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. शेवटी मी त्याला म्हटलं, आजार माझ्या अंगात आहे, तेव्हा काय सांगायचं ते मी ठरवते. मग मुलीच्या लसीकरणाच्या फाइलमधून प्रसूतिगृहाचं जुनं डिस्चार्ज कार्ड त्यानंच शोधून आणलं. गळवाची नोंद त्यावर होती. मावशींनी म्हटल्याप्रमाणे ती कुठेतरी होतीच.

दुसऱ्या दिवशी मावशी आमच्याबरोबर हॉस्पिटलात आल्या. तीच इस्त्रीची साडी, हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पेन्सिलींचा डबा. विम्याच्या खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, रिजेक्ट झालंय ते. आता तुम्ही आधी बिल भरा, नंतर बघू."

"कुणी रिजेक्ट केलं?"

"कंपनीने."

"कंपनीला हात नसतात. कुणी केलं? नाव आणि हुद्दा लिहून द्या."

त्याच्याकडे नाव नव्हतं, पण त्यानंतर तो आमच्याशी उभं राहून बोलू लागला.

ज्या डॉक्टरनं केसपेपर लिहिला होता ती जेमतेम पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी होती. सलग ड्यूटी करून डोळे लाल झालेले. चूक दाखवल्यावर तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कम्प्लेंट करणार का तुम्ही? मी लगेच व्हाइटनर लावून नीट करते, प्लीज."

"व्हाइटनर नको!" मावशी एवढ्यानं म्हणाल्या की शेजारच्या रांगेतली माणसं वळून बघू लागली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तक्रार करायला आलो नाही आम्ही. चूक लपवू नकोस. एका रेघेनं काट, खालचं दिसलं पाहिजे. बाजूला बरोबर लिही. सही कर, तारीख घाल. आणि जेवलीस का सकाळपासून?"

ती जेवली नव्हती. मावशींनी पिशवीतून केळी काढून तिच्यापुढे ठेवली आणि ती खाऊन होईपर्यंत कागद पुढे सरकवला नाही. मोठ्या डॉक्टरांनीही, जुन्या गळवाचा या आजाराशी काही संबंध नाही, असं लिहून दिलं.

पत्र दीड पानाचं झालं. नवऱ्यानं आधी स्वतःचा एक मसुदा करून आणला होता. त्यात आमची परिस्थिती, लहान मुलगी, कृपया दया करावी, असं बरंच काही होतं. मावशींनी पेन्सिलीनं एकेक ओळ काटली.

"मुलीचं वय त्यांना कशाला? दया मागायची ती देवळात. रडायचं तेही तिथेच. कागदावर फक्त काय झालं ते लिहायचं."

काय झालं ते त्यांनी लिहिलं. चूक कुठे होती, ती कुणी दुरुस्त केली, जुनं गळू कधी झालं, फॉर्मवर ते का आलं नाही. त्या शेवटच्या भागात एक वाक्य होतं. 'फॉर्मवर मी न वाचता सही केली, ही माझी चूक आहे.' ते वाक्य मला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं. शाईनं.

ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. ते नऊ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. चौथ्या दिवशी कंपनीकडून फोन आला, जुने कागद पाठवा म्हणून. मावशींनी फोन माझ्या हातून घेतला. "पाठवलेत. पान चार बघा. नाही, नंतर नको. मी फोन धरून आहे, तुम्ही बघा." मावशी उभ्याच होत्या, फोन कानाला घट्ट. पलीकडून काहीतरी बोललं गेलं. "हं. तेच. आता त्याच्यामागचं पान वाचा." आणि खरोखर त्यांनी त्या फोनवरच्या बाईकडून दोन पानं वाचून घेतली.

मंजुरी आली ती गुरुवारी, भर सकाळी. नवरा कामावर होता. मी मोबाइल घेऊन धावत खाली गेले. मावशींनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाल्या, "वाचलं त्यांनी." बस, एवढंच. मी त्यांच्या गळ्यात पडले. त्या ताठ उभ्या राहिल्या, साडीची पिन सांभाळत, आणि थोड्या वेळानं माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, जसं काही शिक्का मारताहेत.

नवऱ्यानं माफी वगैरे मागितली नाही. रविवारी तो खाली गेला आणि कोंबड्यांच्या खुराड्याची फाटलेली जाळी दुपारपर्यंत बसून बदलली. मावशींनी एकेक खिळा हलवून पाहिला. दोन पुन्हा ठोकायला लावले. त्यानं ते मुकाट्यानं ठोकले, आणि मग दोघं ओट्यावर बसून चहा प्यायले.

ऑपरेशन झालं. केमोही झाले. केस गेले, जिभेची चव गेली, आणि हळूहळू सगळं परत आलं. त्या काळात संध्याकाळी मी मावशींच्या ओट्यावर जाऊन बसायची. तेव्हा माझ्या मनानं त्यांची एक गोष्ट तयार करून ठेवली होती. या बाईनं आयुष्यभर लोकांचे दावे नाकारले, त्याचं तिला आता वाईट वाटतं, म्हणून ती आमच्यासारख्यांसाठी झगडते. एकदा धीर करून मी ते विचारलंच.

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शुद्धलेखनाची चूक केली असावी. "वाईट? कशाचं? मी नाकारले ते नाकारण्यासारखेच होते. तुझाही तसा असता तर मीच तुला सांगितलं असतं."

मला ते जरा लागलं. कृतज्ञतेनं माझं मन भरलं होतं आणि या बाई त्याला हातच लावू देत नव्हत्या.

नंतरच्या नाताळात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. तोवर माझे केस बोटभर वाढले होते. आम्ही खाली गेलो तर ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, धोतर, डोक्याला टोपी, पायाशी तांदळाचं गाठोडं. मावशी आत नाताळाचे फुगे, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळत होत्या. हे गृहस्थ वसईच्या पूर्वेकडच्या चांदीप गावचे शेतकरी. दर नाताळाला शेतातला नवा तांदूळ घेऊन येतात, असं त्यांनीच सांगितलं. मी हसून म्हटलं, "म्हणजे तुमचाही क्लेम मावशींनीच पास करून दिला वाटतं?"

"नाय ओ ताय," ते म्हणाले. "माजा तं बाईंनी नाकारला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी माझ्या बोटभर केसांकडे पाहिलं.

"माज्या घरवालीला ह्योच आजार. कोनीतरी सांगितला का विमा काढ, म्हनून काढला, पन आजार आधीपासून होता. मंग कसा भेटनार? मना काय त्यातला कलत नव्हता. सगले बोलत होते, व्हईल, व्हईल, थांब. मी थांबलो. आनि एक दिस ही बाई यष्टीनं चांदीपला आली. हापिसातून, येकटी. माज्या अंगनात बसली आनि बोलली, तुमचा पैसा येनार नाय. कागूद वाचून दावला, का येनार नाय ते समजावला. मंग बोलली, थांबू नका, उद्या मुंबईला सरकारी हास्पिटलात चला, मी रजा टाकते. टाकली बी."

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"तीन वरीस जगली ती. तीन भातं कापली आमी दोघांनी." म्हाताऱ्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "थांबलो असतो तं ते पन गेलं असतं."

आतून मावशींची हाक आली, फुगे गरम आहेत तोवर येऊन बसा, बाहेर काय चाललंय. म्हातारे उठले. गाठोडं उचलायला नवरा वाकला तसा त्यांनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच ते उचलून आत नेलं, सरळ मावशींच्या स्वयंपाकघरात, आपल्याच घरात शिरल्यासारखं.